गोडं पाणी

पाणी तेवढंच होतं, मीठ कमी झालं होतं. रविवारी सकाळी चहा व्हायच्या आधी मी माशांच्या टाकीतल्या पाण्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवला, झाकण मिटलं आणि ती नळी डोळ्याला लावून खिडकीकडे वळले. आत वर निळं आणि खाली पांढरं दिसतं. दोन्ही जिथं भेटतात ती रेघ म्हणजे पाण्यातलं मीठ. रेघ खाली होती. फार नाही. कुणाला दाखवली असती तर एवढ्याशानं काय होतंय म्हणून तो चहाला निघून गेला असता. मी काच पुसली, दुसरा थेंब घेतला. मग यंत्रच चुकत असेल म्हणून बाटलीतलं प्रमाणित द्रावण घालून पाहिलं. त्याची रेघ जिथं यायला हवी तिथं आली. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं, आणि मला त्या क्षणी यंत्र खोटं निघायला हवं होतं.

सोलापूरच्या एप्रिलमध्ये पाणी हवेत जातं हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. टाकीवर मी एक लहान पंखा बसवला आहे. तो पृष्ठभागावर वारा घालतो, थोडं पाणी उडतं, आणि उडताना उरलेल्या पाण्याला थंड करून जातं, माठाचंच तत्त्व. पण उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागे राहतं. म्हणून टाकी दिवसभर हळूहळू खारट होत जाते, आणि पातळी उतरली की एक छोटा पंप शेजारच्या डब्यातलं शुद्ध पाणी घेऊन ती भरून काढतो. या व्यवस्थेत मीठ वाढायची भीती असते. ते कमी व्हायचं तर खारं पाणी टाकीबाहेर गेलं पाहिजे आणि त्याच्या जागी गोडं आलं पाहिजे. मी गुडघ्यांवर बसून टाकीखालचं कपाट चाचपलं. कोरडं. शहाबादी फरशीवर कुठं ओल नव्हती. पातळी मी काचेवर आखलेल्या रेघेला अगदी टेकून उभी होती. आणि आत, दगडाच्या कडेला, झेनियानं हात मिटले होते. हे मऊ प्रवाळ. देठांच्या टोकांना पिसांसारखे आठ-आठ हात, आणि ते दिवसभर उघडत-मिटत असतात. अव्वा, माझी आई, त्याला टाळ्यावाली म्हणते. आज टाळ्या बंद होत्या. मीठ आणखी उतरलं तर झेनिया एका दिवसात विरघळतं, त्याचा चिखल होतो, तो पाणी नासवतो, आणि मग बाकीचे सगळे एकामागून एक जातात. हे मी वाचलं होतं. पण माझी भीती वाचलेल्या गोष्टीची नव्हती. आकडा खरा आणि तरी बेरीज जुळत नाही, ही अवस्था मला ओळखीची होती. याच खोलीत, याच जागी, मी ती एकदा पाहिली होती.

टाकी जिथं आहे तिथं माझ्या वडिलांची, अप्पांची, खाट होती. ते गेल्यावर खाट माळ्यावर गेली आणि भिंतीशी फरशीचा एक आयत उरला, बाकीच्या फरशीपेक्षा किंचित काळा. अव्वा झाडताना त्या आयताला वळसा घालायची. आम्ही दोघीच घरात. मी चिंचोळीच्या औषध कारखान्यात तपासणी विभागात; नमुने येतात, मी मोजते, जो आकडा दिसतो तो लिहिते. आमच्याकडे 'साधारण' हा शब्द चालत नाही. घरी आलं की मात्र काहीच मोजण्यासारखं नसायचं. अव्वा किती जेवली, किती झोपली, कुठल्या वेळी खिडकीत जाऊन उभी राहिली, हे मोजता आलं असतं. पण ते मोजून काय करायचं हे माहीत नव्हतं. त्या हिवाळ्यात मी समुद्राबद्दल वाचायला लागले. समुद्र मी एकदाच पाहिला होता, कॉलेजच्या सहलीत, गणपतीपुळ्याला, आणि तेव्हाही मला लाटांपेक्षा खडकाच्या खळग्यात अडकलेलं पाणी आवडलं होतं. टीचभर पाणी, पण त्यात सगळं होतं.

दगड मी घरी केले. प्रवाळाचा खरा खडक समुद्रातून उचलायचा नसतो, दगडी प्रवाळ तर घरात ठेवायलाही कायद्यानं बंदी आहे, आणि मला तसंही कुणाचं काही उचलून आणायचं नव्हतं. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि खडेमीठ एकत्र कालवायचं, ओल्या वाळूत खळगे करून त्यात ओतायचं. वाळलं की पाण्यात टाकायचं. मीठ विरघळून जातं आणि जिथं जिथं मिठाचा खडा होता तिथं पोकळी राहते. त्या पोकळ्यांत पुढं जीव राहायला येतात. नवं सिमेंट पाण्याला जाळतं, म्हणून ते दगड कितीतरी महिने मागच्या अंगणात पिंपात भिजत पडले होते. नळाला पाणी आलं की अव्वा आधी हंडे भरायची, मग मोरीतला हौद, मग पिंपातलं पाणी बदलायची आणि म्हणायची, "दगडाला आंगूळ, माणसाला थेंब न्हाय." नळ आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांआड येतो. शिवाय टाकीसाठी घेतलेला फिल्टर एक हंडा शुद्ध पाणी देताना दोन हंडे वाया घालवतो. ते वाया जाणारं पाणी अव्वानं एक दिवसही मोरीत जाऊ दिलं नाही. त्यात कपडे धुतले जातात, फरशी पुसली जाते, आणि पलीकडच्या लालबीमावशी कळशी घेऊन येतात त्या त्याच्यासाठीच.

लोक टाकी उंच करतात, समोरून बघायला, भिंतीवरच्या चित्रासारखी. मी उथळ आणि लांब केली, वरून उघडी, गुडघ्याच्या उंचीवर. आम्ही पाणी नेहमी वरूनच पाहिलेलं. विहिरीत वाकून, हौदात वाकून, सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावरून. दगडांचा डोंगरही केला नाही. सगळे दगड एका बाजूला, छज्ज्यासारखे पुढं आलेले, आणि उरलेली जागा नुसतं पाणी आणि पांढरी वाळू. वरून पाहिलं की छज्ज्याची सावली वाळूवर पडलेली दिसते आणि त्या सावलीतून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे ये-जा करतात. पहिल्या दिवशी मासे सोडले तेव्हा लालबीमावशी दारात कळशी टेकवून उभ्या होत्या. "अगे शिवू," त्या म्हणाल्या, "आपल्या गल्लीत नळाचा पत्ता नाही, अन तू समुंदर मांडून बसली! उद्या जहाज आणशील मग?" अव्वा हसली. अप्पा गेल्यानंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण हे तोंडावर हात न घेता होतं. त्या दिवसापासून तिची खुर्ची टाकीजवळ आली. आयत झाकला गेला म्हणून की मासे दिसतात म्हणून, हे मी विचारलं नाही.

अप्पांचं नाव पंचाक्षरी. टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते. बिघडलेले लूम नीट करायचे. सगळं आयुष्य लूमच्या आवाजात गेल्यामुळे त्यांना हळू बोलता यायचं नाही. देवघरात जप करायचे तरी शेजारी ऐकू जायचा. पुढं मूत्रपिंडं थकली आणि डायलिसिस सुरू झालं, तेव्हा पाणीसुद्धा ते त्याच आवाजात मागायचे. "पाणी दे गं!" गल्लीतून जाणारा माणूस थांबून खिडकीकडे बघायचा. या घरात आजारी माणसाला पाणी देत नाहीत, असं त्याला वाटत असणार, आणि ते खरंच होतं. डॉक्टरांनी दिवसाला जेवढं ठरवून दिलं होतं तेवढंच द्यायचं; त्यात चहा आला, आमटी आली, गोळीबरोबरचा घोट आला. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश. मी एका बाटलीवर खुणा केल्या होत्या. सकाळी बाटली भरून खाटेजवळ ठेवायची आणि सांगायचं, एवढं दिवसभर. ते बाटलीकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी बर्फाचे बारीक खडे करून द्यायचे, लिंबाची फोड चोखायला द्यायचे. त्यानं लाळ सुटते, तहान थोडी फसते. "फसवतीस व्हय मला?" ते मोठ्यानं म्हणायचे आणि फोड चोखायचे. माझ्यावर ते कधी रागावले नाहीत. शेजाऱ्यांना सांगायचे, आमची शिवलीला शिकलेली आहे, ती सगळं मोजून करते.

मी रोज सकाळी त्यांचं वजन करायचे. मूत्रपिंडं काम करत नसली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं, म्हणून वजन म्हणजे पाणी. बाटलीतून किती गेलं ते मला माहीत होतं, जेवणातून किती ते अंदाजानं नाही तर मोजून माहीत होतं. आणि वजन त्यापेक्षा जास्त वाढायचं. रोज नाही, पण बहुतेक दिवशी. मी काटा तपासला. वाण्याकडून आणलेलं पिठाचं बंद पोतं त्यावर ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. आमटीचं पाणी पुन्हा मोजलं. घाम कमी येतोय का, पायाला सूज कुठपर्यंत आहे, मिठाचा कण कुठून जातोय का, सगळं पाहिलं. डायलिसिसच्या खोलीतली बाई दर वेळी म्हणायची, "काका, पाणी जास्त होतंय हं," आणि अप्पा छताकडे बघायचे. मला वाटलं, माझ्या समजुतीतच काहीतरी कमी आहे. शरीर म्हणजे काही काचेचं भांडं नाही. मे महिन्यात एका दुपारी पाणी फुप्फुसात चढलं. ते बसून श्वास घेत होते, तोंड उघडं ठेवून, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू झाला होता. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. दवाखान्यात पोचल्यावर फार वेळ लागला नाही. नंतर लोक म्हणाले, सुटले. मीही मान हलवली. पण तो फरक माझ्यात राहिला. दुःख वेगळं होतं, ते रडून थोडं थोडं बाहेर गेलं. फरक मात्र कुठंच जात नव्हता. मिठासारखा मागे राहिला होता.

त्या रविवारी दुपारपर्यंत मी घरातला प्रत्येक पंप काढून पाहिला. मिठाची नवी पिशवी उघडून नवं पाणी कालवून ठेवलं. झेनियाकडे दर थोड्या वेळानं वाकून बघत होते. अव्वा खुर्ची सरकवून स्वयंपाकघरात ज्वारी निवडायला बसली होती, आणि मधूनमधून तिचा सुपावरचा हात थांबल्याचं मला ऐकू येत होतं. उन्हानं गल्ली पांढरी झाली होती. लालबीमावशी कळशी घेऊन आल्या, ओढणीनं तोंड पुसलं आणि वाया पाण्याच्या पिंपाकडे जायच्या आधी टाकीत डोकावल्या.

"आज क्यूं सुस्त हैं ये? ताळ्या बजानेवाली भी चुप?"

"पाण्यातलं मीठ कमी झालंय, मावशी. का झालंय तेच कळत नाही."

"हात्तिच्या!" त्या म्हणाल्या. "मीठ तर आपल्या डाळीत पन कमी होतं. टाक मूठभर." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आवाज जरा खाली आणला. "पर एक बात बोलू? तेरी अव्वा रोज पाजती ना त्यांना पानी. कल भी मी बघितली. मी बोलली, ये तो लई सवाब का काम है, पुन्य लगता. परिंद्यांना सगळेच ठेवतेत पानी गच्चीवर. मच्छी को कौन पूछता?" स्वयंपाकघरातला सुपाचा आवाज बंद झाला होता. लालबीमावशींनी कळशी भरली, कमरेवर घेतली, आणि दारातून जाताना मोठ्यानं म्हणाल्या, "बोलू नको हां तिला काई. बुढ्ढी का दिल है."

मी उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले. अव्वा खडे वेचत होती. खाली मान, सुपात डोळे.

"अव्वा, टाकीत पाणी घालतेस तू?"

"घालते की."

"कधीपासून?"

"ऊन लागाय लागल्यापास्नं." एक खडा तिनं बोटानं ढकलून सुपाच्या कडेला आणला. "तू कामाला गेलीस की घालते. माठातलं. गार आसतंय."

"आणि आतलं काढतेस?"

"आधी एक तांब्या काढायचा, मग एक तांब्या घालायचा. काचंला तुझी रेघ हाय न्हवं? ती मोडू ने मनून." तिनं मान वर केली. "रेघ कदी मोडली का मी? बग जाऊन."

रेघ मोडली नव्हती. तेच तर होतं. तिनं माझ्या रेघेचा मान राखला होता, म्हणून पंपाला काही कळलं नव्हतं आणि मलाही. ते खारं पाणी ती कुठं ओतते हे विचारायची गरज राहिली नाही. मागच्या अंगणात मोगऱ्याच्या कुंडीला बुडाशी पांढरी खपली धरली होती आणि पानांच्या कडा जळल्या होत्या. मी त्याचा दोष उन्हाला दिला होता.

"पण का, अव्वा?"

"का मंजी? दिसभर त्वांड उघडं-झाक उघडं-झाक करत्यात. तहानल्यात ती. त्या खारट पान्यात कुनाची तहान भागंल का? तू सांग."

मी सांगू शकले असते. मला ते पाठ होतं, आणि पाठ असलेलं सगळं त्या क्षणी तिच्याच बाजूनं उभं राहिलं. समुद्रातल्या माशाच्या अंगात मीठ कमी असतं आणि बाहेर जास्त, म्हणून बाहेरचं पाणी त्याच्या अंगातलं पाणी सतत ओढून घेत राहतं. पाण्यात असून तो वाळत असतो. म्हणून तो दिवसभर पितो, पितच राहतो, आणि त्यातलं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातल्या माशाला प्यावं लागत नाही. याला प्यावंच लागतं. अव्वा म्हणत होती ते पुस्तकात असंच होतं. फक्त त्यावर गोडं पाणी हा उपाय नव्हता. मासे कदाचित तगले असते, पण त्यांच्याभोवतीचं बाकी सगळं त्या दयेनं मेलं असतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नको म्हनली आसतीस." तिनं सूप पाखडलं, कोंडा उडाला. "न्हायतर बाटली आनली आसतीस, खुना केल्याली. एवडंच द्यायचं, मनून." ती चिडून बोलत नव्हती. किंचित हसतच होती, जशी लालबीमावशींशी बोलते तशी. "तुझ्या अप्पांचंबी आसंच हुतं की. तुझ्यापुडं एक घोट घ्याचे न्हाईत. तू गेलीस की म्हनायचे, दे आता. म्या द्याची. माठातलं. डोळे झाकून प्यायचे बग, ल्हान पोरावानी. म्हनायचे, जगदेवी, अमृत हाय गं हे."

उंबऱ्याच्या लाकडावर माझा हात होता. लाकूड गरम होतं. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर वाळत टाकलेली चादर झटकल्याचा आवाज आला आणि मी तो आवाज संपेपर्यंत ऐकला. मग मी विचारलं, "किती?"

हे मी का विचारलं, मला माहीत नाही. विचारायचं होतं ते दुसरंच काहीतरी असणार. पण तोंडातून निघालं ते हेच, कारण कारखान्यात, घरात, खाटेजवळ, मी आयुष्यभर आधी हेच विचारत आले.

"किती म्हनजे?" अव्वा उठली, फळीवरचा पितळी तांब्या काढला आणि त्याच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं. "हितपत्तर. कदी दोनदा. तुझी कामाची पाळी लांबली आसंल तर."

आणि माझ्या डोक्यानं, मला न विचारता, ते मोजलं. तिच्या बोटापर्यंतचं पाणी, त्याचं वजन, आणि सकाळी काट्यावर जो फरक यायचा तो. जुळलं. जे दोन वर्षांत जुळलं नव्हतं ते शेवटच्या थेंबापर्यंत जुळलं, ज्या दिवशी माझी दुपारपाळी असायची आणि फरक दुप्पट यायचा तेसुद्धा. जुळल्याबरोबर मला बरं वाटलं. हे मी इथं जसं होतं तसं लिहिते आहे: क्षणभर मला खरोखर बरं वाटलं, छातीवरचं काहीतरी कुणी उचलून नेल्यासारखं, एखादा नमुना पुन्हा पुन्हा चुकीचा येतो आणि शेवटी कारण सापडतं तेव्हा वाटतं तसं. काटा बरोबर होता. आमटी बरोबर होती. मी बरोबर होते. आणि त्या बरं वाटण्याच्या मागोमाग ते काय आहे हे माझ्या लक्षात आलं, आणि मी उंबऱ्यावर खाली बसले.

अव्वा तांब्या हातात घेऊन उभी होती. माझ्याकडे बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं हसणं हळूहळू उतरत गेलं. ती शाळा शिकलेली नाही, पण माझा चेहरा ती माझ्या जन्मापासून वाचते आहे.

"का गं?" ती म्हणाली. मग तांब्याकडे बघून, "त्यानं काय झालं का त्यांला?"

'माहीत नाही' हे उत्तर होतं. कारखान्यात मी तेच लिहिलं असतं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही; पाणी न देता ते किती जगले असते हे पाहायला दुसरे अप्पा नव्हते. मूत्रपिंडं गेलेलीच होती, हृदय मोठं झालेलं होतं, त्या उन्हाळ्यात नाहीतर पुढच्या. हे सगळं खरं होतं, आणि हे सगळं मी पळून जायला दार शोधते आहे म्हणून आठवत होतं, हेही खरं होतं. त्या शेवटच्या आठवड्यात काटा काय सांगत होता ते मला पाठ होतं. पाणी कुठं चढतं आणि माणूस कसा जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण अव्वानं मला ते विचारलंच नव्हतं. ती विचारत होती, की तिच्या हातून जे गेलं ते काय होतं. रोज मी दाराबाहेर पडले की एक माणूस डोळे मिटून प्यायचा आणि त्याला अमृत म्हणायचा. तिच्या जवळ त्यांचं एवढंच उरलं होतं, आणि आता ते माझ्या हातात होतं. मी एक शब्द बोलले असते तर तिनं परत कधी माठात तांब्या बुडवला नसता, स्वतःसाठीसुद्धा.

"नाही, अव्वा," मी म्हणाले. "ते आजारानं गेले. पाण्यानं काही झालं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर हलवली नाही. तांब्याच्या काठावरून तिचा अंगठा एकदा पुढं गेला, एकदा मागं आला.

"तू म्हनतीस मंजी तसंच आसंल," ती म्हणाली. "तू कदी आंदाजे बोलत न्हाईस."

मग ती तांब्या तसाच घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि टाकीजवळ उभी राहिली. मीही उठले. झेनियाचे हात अजून मिटलेले होते. एक मासा छज्ज्याच्या सावलीत थांबला होता, तोंड उघडत, मिटत. मी काय करायचं ते ठरवायला लागले, कारण ते करता येण्यासारखं होतं. मीठ एकदम वाढवून चालत नाही. उतरलं त्याहून हळू चढवावं लागतं, नाहीतर सुधारणेनंच मरतात. गाढं मीठपाणी एका नळीतून थेंब थेंब सोडावं लागेल, कितीतरी दिवस. काही वाचेल, काही वाचणार नाही.

"मग यांना आता द्यायचं का न्हाय?" अव्वानं विचारलं. आवाजात तिनं काही ठेवलं नव्हतं. न देण्याची तिची तयारी झालेली मला दिसत होती.

मी वाकून पंपाची पिन काढली. गुरगुर थांबली.

"द्यायचं," मी म्हणाले. "उन्हानं रोज जेवढं उडून जातं तेवढं भरून काढावंच लागतं. इतके दिवस पंप भरायचा, आता तू भर. फक्त आतलं काढायचं नाही. आणि नळाचं नाही, फिल्टरचं."

"फिल्टरचं कोमट आसतंय. ह्यात काय चव."

"मग फिल्टरचं माठात ठेवू. वेगळा माठ आणू." माठातून थोडे क्षार उतरतात. उतरू देत, मी मनात म्हटलं.

"आन किती?"

ती तांब्या पुढं धरून थांबली होती. पंप बंद होऊन थोडाच वेळ झाला होता, पण पंखा चालू होता आणि पाणी काचेवरच्या रेघेच्या केसभर खाली गेलं होतं. रेघ तिला दाखवता आली असती.

"तुला वाटेल तेवढं," मी म्हणाले. "मी आहे इथं."

मी डब्यातलं पाणी तिच्या तांब्यात ओतलं. तिनं पदर खोचला, वाकली, आणि लहान पोराच्या डोक्यावर ओततात तसं हात मध्ये धरून, बोटांवरून, अगदी बारीक धारेनं ते सोडलं. गोडं पाणी हलकं असतं. ते खाऱ्यात लगेच मिसळत नाही. वरच पसरतं, आणि दोन्हींच्या मधून जाणारा उजेड वाकडा होतो. वाळूवर, छज्ज्याच्या सावलीवर, मिटलेल्या हातांवर बारीक वळवळणाऱ्या रेघा उठल्या, उन्हात डांबरी रस्त्यावर हवा हलते तशा. मासा वर आला, त्या रेघांमध्ये शिरला. "पी," अव्वा त्याला म्हणाली. रेघा पातळ होत गेल्या. मी वाकून बघत राहिले, आणि कुठल्या तरी क्षणी, जो मला धरता आला नाही, दोन्ही पाणी एक झालं.